वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट बॉक्सरांची तुलना कशी करावी? नव्या प्रेक्षकांसाठी

‘तरुणपणीच्या माइक टायसनपुढे आजचा टायसन फ्युरी किती फेऱ्या टिकला असता?’ ‘आजच्या धिप्पाड गड्यांपुढे मोहम्मद अली छोटा पडला असता का?’ बॉक्सिंग नव्याने बघू लागलेल्या प्रत्येकाला हे प्रश्न पडतात आणि उत्तर देणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एका तटाला पूर्वीचे ते खरे लढवय्ये वाटतात आणि आताचे नुसते आडमाप. दुसऱ्या तटाच्या मते 85 किलोचा जुना विजेता आजच्या 120 किलोच्या माणसापुढे फेरीभरही उभा राहिला नसता. दोन्हीकडच्या बहुतेकांनी त्या जुन्या लढती सलग बघितलेल्या नसतात, फक्त नॉकआउटचे तुकडे बघितलेले असतात.

माझं मत आधीच सांगतो. आकड्यांचा तक्ता मांडून निकाल लागत नाही, पण तक्ता फेकूनही देता येत नाही. लहान माणूस आत कसा शिरणार आणि मोठा माणूस त्याला बाहेर कसा ठेवणार, एवढं आकारावरून विचारता येतं. उत्तर त्या दोघांच्या प्रत्यक्ष लढतींत शोधावं लागतं. कसं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

1. नावावर थांबू नका, तारीख ठरवा

‘जॉर्ज फोरमन’ असं नुसतं म्हटलं तर कोणता फोरमन? 22 जानेवारी 1973 रोजी किंग्स्टनमध्ये जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा फोरमन 217 पौंडांचा होता. 5 नोव्हेंबर 1994 रोजी मायकल मूररला दहाव्या फेरीत झोपवणारा फोरमन 45 वर्षांचा आणि 250 पौंडांचा होता. माणूस तोच, लढण्याची तऱ्हा पार वेगळी. पहिला धावून जायचा. दुसरा जागेवर उभा राहून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारत वाट बघायचा.

अलीचंही तेच. नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला नाचवणारा अली आणि 1975 मध्ये मनिलाला फ्रेझियरशी झुंजणारा अली यांच्यामध्ये साडेतीन वर्षांची सक्तीची विश्रांती होती. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे 1967 ते 1970 तो रिंगबाहेर होता. परतला तेव्हा पाय मंदावले होते, मार सोसायची ताकद मात्र लोकांना तेव्हाच कळली. म्हणून तुलना करताना ‘1966 चा अली’ किंवा ‘1974 चा अली’ असं लिहून ठेवा. निम्मे वाद इथेच मिटतात.

उलट बाजूने, उताराला लागलेल्या माणसाच्या पराभवावरून त्याच्या ऐन भराचं माप काढू नका. 2002 मध्ये लेनॉक्स लुईसने टायसनला आठव्या फेरीत पाडलं तेव्हा टायसन छत्तिशीला टेकला होता. त्यावरून 1988 च्या टायसनबद्दल फारसं काही कळत नाही.

2. वजन, उंची, रीच: कशावर किती विश्वास ठेवायचा

तीन आकडे लागतात. वजन अधिकृत काट्यावर, लोकांसमोर घेतलेलं असतं, म्हणून ते सगळ्यांत भरवशाचं. उंची आणि रीच मात्र बऱ्याचदा आयोजकाने छापलेली असते, तिच्यात एखादा इंच इकडेतिकडे धराच. रीच म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर. छाती रुंद असली तरी तो आकडा वाढतो, त्यामुळे रीच म्हणजे हाताची लांबी असं समजू नका.

वजनाच्या काट्यावरही घोटाळे होतात. मे 2024 मध्ये फ्युरीशी लढण्याआधी रियाधला युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचं वजन आधी 233.5 पौंड असं पुकारलं गेलं आणि नंतर 223.5 अशी दुरुस्ती झाली. दहा पौंडांचा फरक! तोवर ‘उसिकने वजन वाढवलं’ यावर चर्चा रंगूनही गेली होती.

बॉक्सिंगमध्ये सगळं पौंडांत चालतं. किलोत आणायची सोपी रीत: पौंडांचे निम्मे करा, त्यातून त्याचा दहावा भाग वजा करा. 220 चे निम्मे 110, वजा 11, म्हणजे 99 किलो. खरा आकडा 99.8 आहे, गप्पांपुरतं एवढं चालतं.

आता काही ठळक माणसं. जॅक डेम्प्सी 1919 मध्ये 187 पौंड, म्हणजे 85 किलो. रॉकी मार्सियानो साधारण 185 पौंड, उंची 5 फूट 10 इंच आणि रीच जेमतेम 68 इंच. अली 6 फूट 3 इंच, 1974 मध्ये झाईरला 216 पौंड, रीच 78 इंच. माइक टायसन 5 फूट 10 इंच, रीच 71 इंच, ऐन भरात 218 ते 221 पौंड. लेनॉक्स लुईस 6 फूट 5 इंच, रीच 84 इंच. टायसन फ्युरी 6 फूट 9 इंच, रीच 85 इंच, फेब्रुवारी 2020 मध्ये 273 पौंड, म्हणजे जवळपास 124 किलो.

यात सनी लिस्टन जोडा. उंची 6 फूट 1 इंच, म्हणजे लुईसपेक्षा चार इंच कमी, पण रीच त्याच्याइतकीच, 84 इंच. उंची बघून ‘हा छोटा’ असा शिक्का मारायची घाई नको, ती यासाठी.

एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. आज हेवीवेट 200 पौंडांच्या वर सुरू होतं आणि त्याखाली क्रूझरवेट आहे. हा मधला गट 1979-80 च्या सुमारास आला. त्याआधी 175 पौंडांच्या वरचा प्रत्येकजण हेवीवेटच. म्हणजे डेम्प्सी आणि मार्सियानो आज असते तर आपसूक क्रूझरवेट ठरले असते. ‘त्या काळचे हेवीवेट लहान होते’ हे वाक्य खरंच आहे, पण अर्धं खरं. तेव्हा लहान हेवीवेटला जायला दुसरी जागाच नव्हती.

3. लढत कोणत्या नियमांनी? हे आधी ठरवा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

18 जून 1941. जो लुईससमोर बिली कॉन. लुईस 199 पौंड, कॉनचं जाहीर केलेलं वजन 174, आणि खरं त्याहूनही कमी होतं असं सांगतात. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तीनपैकी दोघांच्या गुणपत्रिकेवर कॉन पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्या फेरीत कॉन नॉकआउटच्या मागे लागला आणि स्वतःच पडला. सप्टेंबर 1952 मध्ये मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून किताब घेतला तोही तेराव्या फेरीत, एका उजव्या ठोशाने. त्या क्षणापर्यंत तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. किताबाच्या लढती तेव्हा पंधरा फेऱ्यांच्या असत. आजच्या बारा फेऱ्यांच्या हिशेबाने कॉन जगज्जेता झाला असता आणि मार्सियानोचा 49-0 (49 लढती, एकही हार नाही) हा विक्रम उरला नसता. अर्थात बारा फेऱ्याच आहेत हे ठाऊक असतं तर मार्सियानोही आधीपासून वेगळं लढला असता. म्हणून गुणपत्रिका जशीच्या तशी उचलून नव्या नियमांत ठेवता येत नाही. लढत कोणत्या वळणावर होती एवढंच तिच्यावरून कळतं.

पंधराच्या बारा का झाल्या? नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी दगावला. त्यानंतर एका संघटनेने लगेच फेऱ्या कमी केल्या, बाकीच्यांनी दशक संपेपर्यंत.

दुसरा नियम खाली पडलेल्याबद्दलचा. 4 जुलै 1919 रोजी टोलेडोमध्ये डेम्प्सीने 6 फूट 6 इंचांच्या, 245 पौंडांच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. लहान माणूस राक्षसाला हरवू शकतो याचा हा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण चित्रफीत नीट बघा. विलार्ड पडल्यावर डेम्प्सी दूर कोपऱ्यात जात नाही, त्याच्या डोक्यावर उभा राहतो. विलार्डचा गुडघा जमिनीवरून सुटला रे सुटला की पुढचा ठोसा बसतो. तेव्हा ते चालत होतं. समोरच्याला पाडलं की दूरच्या कोपऱ्यात जायचं, हा नियम डेम्प्सीलाच 1927 मध्ये शिकागोत जीन टनीविरुद्ध भोवला. त्यात भर म्हणजे विलार्ड 37 वर्षांचा होता आणि तीन वर्षांत रिंगमध्ये उतरलेला नव्हता. डेम्प्सी मोठा होताच, पण या एका लढतीवर ‘आकाराला काही किंमत नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे धाडसच.

तिसरी गोष्ट क्लिंचची, म्हणजे मिठी मारून समोरच्याचे हात बांधण्याची. रेफरी किती वेळ चालू देतो यावर लढतीचं रूप बदलतं. मोठा माणूस मिठी मारतो तेव्हा स्वतःचं वजन समोरच्याच्या मानेवर टाकतो. पाच-सहा फेऱ्या असं झालं की लहान माणसाचे पाय जड होतात. जादा 25 किलोंचा खरा उपयोग ठोशापेक्षा इथे जास्त होतो, असं माझं मत.

4. आकार आणि कौशल्य समोरासमोर आले तेव्हा काय झालं?

कल्पनेतली लढत ठरवण्याआधी झालेल्या लढती चाळा. तीन प्रकार सापडतात.

पहिला प्रकार: मोठा, पण कच्चा. प्रिमो कार्नेरा 6 फूट 5 इंच आणि 260 पौंडांचा. जून 1935 मध्ये 196 पौंडांच्या जो लुईसने त्याला सहाव्या फेरीत संपवलं. 2009 मध्ये न्यूरेम्बर्गला सात फुटी, 316 पौंडांच्या निकोलाय वालुएव्हकडून डेव्हिड हेने किताब नेला. वालुएव्हपेक्षा तो जवळजवळ शंभर पौंडांनी हलका, फक्त मारून पळत राहिला. लढत कंटाळवाणी झाली, पण निकाल लागला. वजन वापरता येत नसेल तर ते ओझंच.

दुसरा: मोठा आणि तरबेज. नोव्हेंबर 1992 मध्ये रिडिक बो 235 पौंड, इव्हँडर होलीफिल्ड 205. होलीफिल्ड हा क्रूझरवेटमधून वर आलेला, जिद्दीचा आणि डोक्याचा बॉक्सर. पण बो याला जवळून लढताही येत होतं, छोटे अपरकट (खालून वर येणारे ठोसे) आणि हुक (बाजूने वळून येणारे ठोसे) मारता येत होते. होलीफिल्ड आत शिरला आणि तिथेही बो तयारच होता. त्या लढतीची दहावी फेरी जरूर बघा, दोघांपैकी एकजण पडणार असं शेवटपर्यंत वाटत राहतं आणि कोणीच पडत नाही. निकाल बोच्या बाजूने. वर्षभराने होलीफिल्डने परतीची लढत जिंकली, वजन थोडं वाढवून आणि मुख्य म्हणजे उगाच खुमखुमीने भिडायचं टाळून.

तिसरा आणि आजच्या घडीला सगळ्यात उपयोगी: उसिक विरुद्ध फ्युरी, 18 मे 2024. उसिक 6 फूट 3 इंच, 223.5 पौंड. फ्युरी 6 फूट 9 इंच, 262 पौंड. इथे मोठा माणूस कच्चा नव्हता, लांबून आणि जवळून दोन्हीकडे पटाईत. चौथ्या फेरीपासून फ्युरीने पोटात अपरकट मारून उसिकला चांगलंच सतावलं. आता उसिकच्या पायांकडे बघा. तो डावखुरा आहे. आपलं पुढचं पाऊल तो फ्युरीच्या पुढच्या पावलाच्या बाहेर ठेवत राहतो, जॅबने फ्युरीचा पुढचा हात सतत गुंतवून ठेवतो आणि फ्युरी मागे झुकला की त्याच क्षणी अर्धं पाऊल पुढे सरकतो. उंच माणूस मागे झुकून ठोसे चुकवतो तेव्हा एकदा तो झुकला की आणखी झुकायला जागा नसते. नवव्या फेरीत हेच घडलं. डाव्या हाताचा ठोसा बसला, फ्युरी दोरांवरून दोरांवर धडपडत गेला आणि रेफरीला त्याच्यावर आकडे मोजावे लागले. डिसेंबरमध्ये फ्युरी 281 पौंडांचा होऊन आला, तरी हरला.

इथे मोह होतो. उसिक मापाने जवळजवळ 1974 चा अलीच आहे, उंची तीच, रीचही 78 इंच, वजनात सात पौंडांचा फरक. मग अलीने फ्युरीला हरवलंच असतं की! थांबा. 6 फूट 3 इंचांचा माणूस हे करू शकतो एवढं उसिकने दाखवलं. अलीने केलं असतं का, हे अलीच्याच लढतींतून दाखवावं लागेल. अली हात खाली ठेवून, डोकं सरळ मागे ओढून ठोसे चुकवायचा. आपल्याइतक्याच उंच माणसापुढे ते चालतं. सात इंच जास्त रीच असलेल्या माणसापुढे चालेल का, ही खरी शंका आहे, आणि ती वजनाची नाही, सवयीची आहे.

5. जुनी फीत कशी बघावी

मूकपटाच्या काळातल्या फिती हाताने कॅमेरा फिरवून घेतलेल्या. आजच्या वेगाने त्या चालवल्या की माणसं उड्या मारत, झटके देत लढताना दिसतात आणि ‘यांना काही येत नव्हतं’ असा समज होतो. वेग 0.75 वर आणून बघा. जॅक जॉन्सन समोरच्याचा दंड धरून ठोसा सुरू व्हायच्या आतच कसा अडवतो, ते तेव्हा दिसतं.

आवाज बंद करा. समालोचक ज्याचं कौतुक करतो तोच जिंकतोय असं वाटू लागतं. एक फेरी फक्त पाय बघा, एक फेरी फक्त हरणाऱ्याकडे बघा. जो लुईस बघायला हा उपाय नामी: त्याचे ठोसे इतके आखूड आहेत की ठोसा दिसण्याआधी समोरच्याचं डोकं हललेलं दिसतं. आणि हायलाइट्स शेवटी. त्यांत फक्त लागलेले ठोसे असतात, चुकलेले नसतात.

6. तो कोणाकोणाशी लढला नाही?

‘त्या काळातला सर्वश्रेष्ठ’ म्हणताना त्या काळात दार कोणाला बंद होतं, तेही बघा. डेम्प्सी विजेता असताना कृष्णवर्णीय हॅरी विल्सला किताबाची संधी कधीच मिळाली नाही. सॅम लँगफर्डलाही नाही, आणि लँगफर्डला टाळणाऱ्यांत खुद्द जॅक जॉन्सनही होता. क्युबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने 1972, 1976 आणि 1980 अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, पण तो व्यावसायिक बॉक्सिंगकडे वळलाच नाही. सोव्हिएत बॉक्सरही तेव्हा बाहेरच होते. पुढे क्लिट्श्को बंधू आणि उसिक यांच्यासारखे लोक त्याच मुलखातून आले.

याची दुसरी बाजूही आहे. जो लुईसने एकट्या 1941 मध्ये सात वेळा किताब राखला. आजचा विजेता वर्षात एकदा किंवा दोनदा लढतो. सराव कितीही आधुनिक असला तरी रिंगमधले अनुभवाचे तास जुन्यांकडे जास्त होते.

संगणकावर सोपवायचा मोह मात्र नको. 1969 मध्ये निवृत्त मार्सियानो आणि बंदीतला अली यांना एकत्र आणून लुटुपुटूची लढत चित्रित केली गेली आणि शेवट संगणकाच्या हिशेबाने ठरवल्याचं सांगितलं. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, टोप लावला. संगणकाने तेराव्या फेरीत मार्सियानोला जिंकवलं. संगणकात काय भरायचं, ते माणसांनीच ठरवलं होतं.

7. करून बघू: टायसन 1988 विरुद्ध फ्युरी 2020

नियम आजचे, बारा फेऱ्या. टायसन 218 पौंड, फ्युरी 273. उंचीत 11 इंचांचा फरक, रीचमध्ये 14.

उंच माणसांपुढे टायसनचं काय झालं? मिच ग्रीन, बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर हे तिघंही सव्वासहा फुटांच्या वरचे. तिघांनीही धरून, मिठ्या मारून पूर्ण फेऱ्या काढल्या, जिंकला टायसनच. टायरेल बिग्स पळत राहिला, तो सातव्या फेरीत पडला. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने नुसतं धरलं नाही, जॅब सतत चालू ठेवला आणि दहाव्या फेरीत टायसनला पाडलं. त्या दिवशीचा टायसन 1988 चा नव्हता, हे मान्य. पण नमुना दिसतो: उंच, न घाबरणारा, जॅब आणि मिठी दोन्ही वापरणारा माणूस त्याला अवघड जायचा.

आता फ्युरी. त्याला ठोसा बसतो, हे सिद्ध आहे. 2013 मध्ये 210 पौंडांच्या स्टीव्ह कनिंगहॅमने त्याला पाडलं होतं, 2018 मध्ये अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरने बाराव्या फेरीत आडवा केला होता. दोन्ही वेळा तो उठला, पहिली लढत जिंकला आणि दुसरी बरोबरीत सोडवली. फेब्रुवारी 2020 चा फ्युरी तर पुढे चालत आला, वाइल्डरच्या अंगावर रेलला आणि त्याचे पाय काढून घेतले.

माझा कौल फ्युरीकडे, दहापैकी सहा वेळा. टायसनच्या वाट्याच्या चार विजयांतले बहुतेक पहिल्या चार फेऱ्यांतले. त्याचं डोकं हलवत आत येणं आणि हुकामागून अपरकट मारणं इतकं वेगवान होतं की फ्युरीला पहिली मिठी मारायला उशीर होऊ शकतो. सहाव्या फेरीनंतर मात्र 55 पौंडांचं ओझं मानेवर घेऊन टायसन तसाच उसळत राहील, हे पटत नाही.

रेफरी बदला, कौल बदलतो. मिठी दिसली की लगेच सोडवणारा आणि दुसऱ्या ताकिदीनंतर गुण कापणारा कडक रेफरी असेल, तर मी निम्मे-निम्मे म्हणेन. पंधरा फेऱ्या केल्या तर फ्युरीचं पारडं आणखी जड.